पाय वर ठेवल्याने बरे वाटते की खाली सोडल्याने?



घरभेटीला गेलो की दर तिसऱ्या घरी ऐकू येते, “फादर, पाय लय दुखते जी.” त्यावर घरातलेच कोणीतरी उत्तर देते : वय झाले, वात आहे, तेल लाव. मी डॉक्टर नाही. पण प्रत्येक पायदुखी म्हणजे वात नव्हे, एवढे निश्चित. गुडघा, कंबर, मणका ही कारणे असतातच. आज मात्र रक्तवाहिन्यांच्या दुखण्याविषयी लिहितो, कारण त्यात उशीर झाला तर पाय गमवावा लागतो. शिवाय त्या दोन प्रकारच्या असतात आणि एकीचा उपचार दुसरीला घातक ठरू शकतो.

हृदयाकडून पायाकडे रक्त नेते ती धमनी. परत आणते ती नीला, म्हणजे आपण जिला शीर म्हणतो ती. माणूस उभा असताना घोट्याजवळचे रक्त छातीपर्यंत चढवायचे म्हणजे विहिरीचे पाणी उपसण्यासारखेच. हा उपसा पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा ते शिरा पिळतात आणि शिरांमधील बारीक झडपा रक्ताला पुन्हा खाली येऊ देत नाहीत. ह्या झडपांचे वर्णन इटलीतील पाडुआच्या फाब्रिसियस ह्या शिक्षकाने १६०३ मध्ये प्रसिद्ध केले; पण त्या कशासाठी आहेत हे त्याला नीट उमगले नाही. ते उमगले त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे ह्याला, आणि १६२८ मध्ये त्याने रक्ताभिसरणाचा ग्रंथ लिहिला. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ‘हेतू’ ह्या शब्दावर आम्ही तासन्‌तास वाद घातले. हे उदाहरण तेव्हा कोणी दिले असते तर बरे झाले असते!

झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते. शिरा निळ्या, वेड्यावाकड्या, गाठीसारख्या फुगतात. संध्याकाळी पाय जड होतात, घोटे सुजतात. पाय वर ठेवला की आराम पडतो. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट होते, खाजते आणि तिथे ओली, महिनोन्‌महिने न भरणारी जखम होते. शिक्षक, न्हावी, हॉटेलातले आचारी, दुकानातले नोकर, अनेक बाळंतपणे झालेल्या माता ह्यांच्यात हे अधिक दिसते. संत पेरेग्रिन हे चौदाव्या शतकातले. परंपरा सांगते की ते प्रायश्चित्त म्हणून तीस वर्षे शक्यतो बसलेच नाहीत आणि त्यांच्या पायाला मोठा व्रण झाला. त्यांच्याकडे मध्यस्थीची प्रार्थना जरूर करा, पण उभे राहण्यात त्यांचे अनुकरण नको. मिस्सामध्ये पाय भरून आले तर खुशाल बसावे.

ह्यावर उपाय आहेत. चालणे, बसल्याजागी टाचा वर-खाली करणे, झोपताना पाय उशीवर ठेवणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने दाब देणारे मोजे वापरणे. पूर्वी शीर काढून टाकत. आता लेसरने किंवा इंजेक्शनने ती बंदही करता येते. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले तर रुग्णाला उभे ठेवू नका. आडवे करा, पाय उंच धरा, स्वच्छ कापडाने दाबा.

एकच पाय अचानक सुजला आणि पोटरी दुखू लागली, विशेषतः बाळंतपण, ऑपरेशन किंवा लांबच्या आजारपणानंतर, तर खोल शिरेत गुठळी असू शकते. अशा पायाला मालिश करू नये. बाळंतिणीला मालिश करणाऱ्या बायांनाही हे सांगून ठेवा. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर दम लागतो आणि जीवही जातो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

धमनीचे दुखणे उलट आहे. ठरावीक अंतर चालले की पोटरीत गोळा येतो, थांबले की दोन-चार मिनिटांत जातो. डॉक्टर त्याला ‘क्लॉडिकेशन’ म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ लंगडणे. रोग वाढला की रात्री आडवे झाल्यावर पाऊल ठणकते आणि माणूस पाय खाटेखाली सोडून बसतो. पाऊल थंड पडते, केस झडतात, बोट काळे पडते. मधुमेह, रक्तदाब आणि तंबाखू ही मुख्य कारणे.

तंबाखूचा एक रोग तर तरुणांनाच धरतो. न्यूयॉर्कच्या डॉ. लिओ बर्गर ह्यांनी १९०८ मध्ये त्याचे वर्णन केले, आणि आपल्या देशात तो बिडी ओढणाऱ्यांमध्ये दिसतो. चाळिशीच्या आतच हातापायांच्या लहान धमन्या बंद होतात. गँगरीन होण्यापूर्वी तंबाखू पूर्ण सोडली तर पाय बहुधा वाचतो; “दिवसाला दोनच” हा हिशेब इथे चालत नाही. खर्रा घोटणाऱ्यांनीही स्वतःला वेगळे समजू नये, त्यातही तंबाखूच आहे.

म्हणून घट्ट पट्टी किंवा मोजा स्वतःच्या मनाने बांधू नका. शिरेच्या जखमेला दाब हवा असतो, पण धमनी बंद असलेल्या पायाचे उरलेसुरले रक्तही तो दाब अडवतो. डॉक्टर पावलाच्या वरची आणि घोट्यामागची नाडी पाहतात, दंड व घोटा ह्यांचा रक्तदाब ताडून बघतात, गरज पडल्यास डॉपलर तपासणी करतात. धमनीसाठी गोळ्या, दुखेपर्यंत चालून थांबायचा आणि पुन्हा चालायचा नियमित व्यायाम, फुग्याने धमनी रुंद करणे किंवा बायपास हे मार्ग आहेत.

पऱ्हाटीच्या, तुरीच्या वावरात धसकट लागतेच. पण साखर असलेल्याच्या पायाला ते कळतही नाही. रोज रात्री तळवे पाहा, शेतात बंद जोडा घाला. जखमेवर बिब्बा नको, डाग देणे नको, बधिर पायाला शेक तर मुळीच नको. भाजले तरी समजत नाही.

आणि पाय एकाएकी पांढरा, थंड, बधिर होऊन असह्य दुखू लागला तर सकाळची वाट पाहू नका. स्नायू वाचवायला साधारण सहा तासच मिळतात आणि यवतमाळहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर आहे. १०८ ला फोन करून आधी यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठा; पुढे कुठे न्यायचे ते तिथले डॉक्टर सांगतील. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत घ्या, तंबाखूची पुडी घरीच ठेवा.