भूकंपात जमीन फाटते तेव्हा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपाने सोलापूरही हादरले. त्या आपत्तीतील बहुतेक बळी दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेले. ही हानी कंपनाची होती. किल्लारीजवळच्या शेतांत मात्र आणखी एक खूण उमटली होती. जमिनीची एक बाजू दुसरीवर चढून तुटक, बुटकी कड तयार झाली होती. तिची उंची एक मीटरही नव्हती. भूगर्भातील प्रस्तरभंग भूपृष्ठापर्यंत पोचल्याचा तो पुरावा होय. कोयनेच्या परिसरातही ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर तिरप्या भेगांची रांग आढळली होती.

कंपन दूरवर पसरते आणि थांबते. जमिनीचे फाटणे अरुंद पट्ट्यापुरते असते, परंतु ते कायमचे. लोखंड व पट्टे घालून इमारत कंपनास तोंड देऊ शकते. पायाच दोन दिशांना सरकला तर तिची बळकटी फारशी कामी येत नाही. १९९९ साली तैवानमधील शिकांग बंधाऱ्याखालून प्रस्तरभंग गेला. एक बाजू दुसरीपेक्षा ७ मीटरांहून अधिक उचलली गेली आणि दरवाजांचे गाळे मोडून पडले.

इमारतीची जागा बदलता येते; रस्ता, कालवा व नळवाहिनी यांना मात्र भेग ओलांडावीच लागते. उजनीचे पाणी जुळे सोलापूरसारख्या वसाहतींपर्यंत आणणारी व्यवस्था अशाच लांब वाहिन्यांवर अवलंबून असते. अशा वाहिनीस ताठरपणा घातक ठरतो. अलास्कातील तेलवाहिनी प्रस्तरभंगाच्या पट्ट्यात जमिनीवर, सरकत्या आधारांवर नागमोडी ठेवली होती. २००२ मध्ये ७.९ क्षमतेच्या भूकंपात जमीन कित्येक मीटर सरकली, तरी तेल गळले नाही.

आपल्याकडे प्रत्येक भेग भूकंपाची समजू नये. काळी जमीन उन्हाळ्यात जाळीसारखी फाटते व पावसात मिटते. तिच्यावरील घरांच्या भिंतींनाही त्यामुळे तडे जातात. प्रस्तरभंगाची रेषा बांध, रस्ता, झाडांची ओळ यांची पर्वा न करता पुढे जाते आणि तिची एक कड बहुधा उंच असते. भूकंपानंतर असे दिसल्यास ग्रामपंचायतीने तहसील कार्यालयास कळवावे, कडांतील फरक पाणसळीने मोजून ठेवावा आणि भूवैज्ञानिक येईपर्यंत भेग बुजवू नये. नांगरट व पाऊस अशी कड एका हंगामात पुसून टाकतात.