रुमाल (गीता, अध्याय १६, श्लोक १३ ते १५)



आजच्या वाचनात सोळाव्या अध्यायातले तेरा ते पंधरा हे तीन श्लोक आले. खरं सांगतो, इतकी वर्षं मी हे श्लोक भरभर वाचून पुढं जायचो. आसुरी वृत्तीच्या माणसाचं वर्णन आहे. असुर म्हटलं की डोळ्यांपुढं शिंगं आणि मोठाल्या मिशा येतात. आपण सकाळी उठून हरिपाठ म्हणणारी माणसं, आपला काय संबंध? या वेळी मात्र अडकलो, आणि अडकायला कारण झाली विमानाची एक बातमी.

अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सनं २७ जानेवारी २०२६ पासून प्रवाशांना सीट नंबर ठरवून द्यायला सुरुवात केली. आपल्याला यात बातमी काय ते कळणार नाही, कारण आपल्याकडं विमानात सीट नंबर असतोच. पण या कंपनीत १९७१ पासून तो नव्हता. विमानात शिरायचं आणि दिसेल त्या रिकाम्या सीटवर बसायचं. म्हणजे सीट नव्हती, पण रांगेतला नंबर होता: ए, बी आणि सी असे तीन गट आणि प्रत्येक गटात १ ते ६०. गेटपाशी आकडे लिहिलेले खांब असायचे, त्या खांबाशी आपल्या नंबरानं उभं राहायचं. ए मध्ये असलात तर हवी ती खिडकी. सी मध्ये असलात तर दोन अनोळखी माणसांच्या मधली सीट, तीही शोधावी लागायची.

नंबर मिळायचा चेक-इनच्या क्रमानं, आणि चेक-इन उघडायचं विमान सुटायच्या २४ तास आधी. लोक मिनिटावर डोळा ठेवून बसायचे. मग २००९ मध्ये कंपनीनं 'अर्लीबर्ड चेक-इन' काढलं. एका फेरीला १० डॉलर भरा, ३६ तास आधी तुमचं चेक-इन आपोआप होईल, तुम्ही निवांत झोपा. पुढं दर वाढत गेला. गंमत म्हणजे पैसे भरले तरी ए गट मिळेलच अशी हमी नव्हती. पैसे भरणाऱ्यांचीच एक रांग व्हायची आणि त्या रांगेतही कोणी कधी पैसे भरले ते बघितलं जायचं. सगळेच पुढं जायला लागले की पुढं नावाची जागा कुठं उरते? पण हा विचार मला आज सुचतोय. २०१६ मध्ये मी डॅलसला ऑनसाइट होतो, तेव्हा मीसुद्धा हे पैसे भरले होते.

त्याआधी रुमालाबद्दल सांगायला हवं.

माझं गाव वडूज. कराडला इंजिनिअरिंगला होतो तेव्हा दिवाळीची सुट्टी संपली की वडूजच्या एसटी स्टँडवर काय गर्दी असायची ते गावाकडच्या मंडळींना माहीत आहे. गाडी फलाटाला लागायच्या आत पोरं तिच्याबरोबर पळायची. खिडकीतून रुमाल आत टाकायचा. रुमाल नसेल तर टोपी, पिशवी, एकदा तर एकानं चप्पल टाकलेली मी बघितली आहे. रुमाल पडला की सीट धरली. भांडणं व्हायची, पण रुमालाचा कायदा सगळे मानायचे. मी यात पटाईत होतो. आप्पा मागून सावकाश यायचे आणि मी खिडकीतून हात हलवायचो, 'आप्पा, हिकडं!' त्या हाकेत केवढा अभिमान असायचा!

तर २०१६ च्या जूनमध्ये आई-आप्पा डॅलसला आले होते. ग्रँड कॅनियन दाखवायला लास व्हेगासची चार तिकिटं काढली. अर्लीबर्डचे तेव्हा माणशी १५ डॉलर होते. चौघांचे ६० भरायचे? वडूजचा हिशेबी मेंदू चालला. एकाचेच भरू, मी आधी शिरतो आणि बाकीच्या तीन सीट धरतो. तिथं सीट धरण्याविरुद्ध कंपनीचा नियम नव्हता. धरायलाच पाहिजेत असाही नव्हता. कामावरच्या दोघांनी हीच युक्ती सांगितली होती.

माझं चेक-इन आपोआप झालं. आणि आपोआप झालं म्हणूनच बाकीच्या तिघांचं करायचं मी साफ विसरलो. रात्री जेवताना आठवलं, तोवर सी गट आला होता. बायको काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. ते बोलण्यापेक्षा वाईट.

विमानात मी लवकर शिरलो. पाचवी-सहावी ओळ असेल. मी कडेला बसलो, मधल्या सीटवर बॅग, खिडकीच्या सीटवर आईची शाल, आणि वाटेच्या पलीकडच्या सीटवर, हो, खिशातला रुमाल. लोक येत होते, बघत होते, मी हसून 'घरचे येतायत' म्हणत होतो. पाच जण गेले, दहा गेले. प्रत्येकाला नाही म्हणताना आवाज थोडा थोडा कडक होत गेला हे मला जाणवत होतं. मग बी गटाच्या अगदी शेवटी एक बाई आली, बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी. लहान मुलं असलेल्या घरांना तिथं ए नंतर लगेच सोडायचे, पण ती सवलत सहा वर्षांपर्यंतच. तिनं विचारलं, 'या दोन रिकाम्या आहेत का?'

मी म्हणालो, 'नाहीत.'

तिनं बॅगेकडं बघितलं, शालीकडं बघितलं. काही बोलली नाही. माझ्या मनात त्या क्षणी जे आलं ते आज लिहितो: हिला वेळेवर चेक-इन करता येत नाही का? ज्या चुकीनं माझी स्वतःची आई सी गटात होती, त्याच चुकीबद्दल मी त्या बाईवर मनातल्या मनात चिडलो होतो.

दोन ओळी मागं मुलीला मधली सीट मिळाली आणि तिच्या आईला त्याच्याही बऱ्याच मागं. मुलगी रडायला लागली. मोठ्यानं नाही, दाबून.

सगळ्यात शेवटी आमची मंडळी आली. पुढं बायको, मग आई, मागं आप्पा. मी हात हलवला, 'आई, हिकडं!' आई माझ्या ओळीपाशी थांबली, पण तिचं लक्ष मागं होतं.

'ती पोर का रडतीया?'

बायकोनं अंदाजानं सांगितलं की आईपासून लांब जागा मिळाली असेल.

'मग तिला हितं बसू दे की. आमी काय, कुठंबी बसू.'

मी म्हणालो, 'आई, मी पैसे भरलेत याचे.' हे खोटं होतं. भरले होते ते माझ्या एकट्याच्या नंबरचे. त्या तीन सीटांचा एक पैसाही भरलेला नव्हता.

आईनं ऐकलंच नाही. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नाही, पण मुलीपाशी जाऊन तिनं हातानंच सांगितलं आणि तिला उठवलं. मागं आप्पांनी तिच्या आईला असंच उठवलं. मायलेकी माझ्या शेजारी येऊन बसल्या, खिडकीत मुलगी. आई गेली मुलीच्या जागी, दोन परक्या पुरुषांच्या मधे. आप्पा त्याच्या मागं कुठंतरी. त्या बाईचे डोळे भरून आले होते. ती माझ्याकडं वळून म्हणाली, 'तुम्ही फार चांगले आहात.'

आणि मी म्हणालो, 'त्यात काय विशेष.'

मंडळी, दहा वर्षं होत आली. यातली बॅग, शाल, रुमाल ही गोष्ट मी मित्रांना हसत हसत सांगितली आहे. हे शेवटचं वाक्य बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आता ते तीन श्लोक बघू. तेराव्यात तो माणस फक्त मोजतो आहे. आज काय पदरात पडलं, आता मनातलं कोणतं मिळवायचं, किती धन माझं आहे, किती होणार. नुसता हिशेब, त्यात कुणाला त्रास नाही. तेरावा वाचून मला वाटायचं, यात आसुरी काय आहे, आपण सगळे एक्सेल शीटमध्ये हेच करतो. पण चौदाव्यात लगेच शत्रू येतो. एकाला मारलं, आता बाकीच्यांनाही मारीन. हा शत्रू आला कुठून? तेराव्यात तर कुणीच नव्हतं! मला वाटतं तो माझ्या विमानात आला तसाच आला. सीट 'माझी' होईपर्यंत ती बाई एक प्रवासी होती. बॅग ठेवली आणि ती अडचण झाली. तिनं काहीच केलं नव्हतं, फक्त विचारलं होतं.

आणि पंधरावा. इथं तो म्हणतो, मी श्रीमंत, मी कुलीन, माझ्यासारखा दुसरा कोण. मी यज्ञ करीन, दान देईन, आनंद करीन. दान! मला हा शब्द नेहमी खटकायचा. दान देणारा माणूस आसुरी यादीत कसा? आता खटकत नाही. आईनं दिलेल्या जागेचं श्रेय मी एका वाक्यात घेतलं होतं. रडारड नाही, भांडण नाही, विमान सुटायच्या आत तिन्ही श्लोक माझे पूर्ण झाले होते, तेही क्रमानं.

याच अध्यायाची सुरुवात दैवी गुणांच्या यादीनं होते आणि त्यात पहिला गुण आहे अभय. प्रेम नाही, दया नाही, आधी अभय. मी त्या १५ डॉलरला काय विकत घेत होतो ते बघितलं तर उत्तर तेच येतं. विमान सगळ्यांना घेऊनच सुटणार होतं, सीट प्रत्येकाला होती. मला भीती होती ती फक्त 'माझ्या माणसांना मधली सीट मिळेल' याची.

पुढं राहण्याचा आणखी एक अर्थ आमच्या वडूजला माहीत आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला कचेरीवर तिरंगा लावायला मोर्चा आला होता. वडगावचे परशुराम घार्गे हातात झेंडा घेऊन सगळ्यात पुढं होते. गोळीबार झाला आणि नऊ जण गेले. शाळेत असताना आम्ही दर ९ सप्टेंबरला हुतात्मा स्मारकापाशी रांगेनं उभे राहायचो आणि ऊन लागतं म्हणून पुढच्या रांगेतून मागं सरकायचो. बरोबरीची उदाहरणं नाहीत ही, माहीत आहे मला. पण अभय हा शब्द वाचला की मला ती पुढची रांग आठवते.

पैसे भरून पुढं जाणं सरसकट वाईट असं मी म्हणत नाही. आई आता सत्तरीच्या पुढं आहे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पुण्याहून बेंगळुरूला आणतो तेव्हा तिच्यासाठी पाय लांब करता येतील अशी पुढची सीट मी जादा पैसे भरून घेतो, आणि मला त्याचं काही वाटत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात 'स्टार्व्हेशन' यायचं आठवतं का? जास्त प्राधान्याची कामं येतच राहिली की कमी प्राधान्याचं काम कायमचं मागं पडतं. उपाय म्हणून 'एजिंग' शिकवायचे. जो जितका वेळ थांबलाय तितकं त्याचं प्राधान्य वाढवत न्यायचं. पंढरपुरात असंच काहीतरी आहे बघा. आषाढी एकादशीला पहाटे मुख्यमंत्री महापूजा करतात, आणि त्यांच्या शेजारी मानाचे वारकरी म्हणून उभं राहणारं जोडपं दर्शनाच्या रांगेतून निवडतात. तासन्‌तास बारीत उभं राहिलेलं एखादं शेतकरी जोडपं थेट विठ्ठलासमोर. एसटी त्यांना वर्षभराचा मोफत पास देते. रुमाल टाकायची गरज नाही त्यांना.

व्हेगासला उतरल्यावर मी आईला विचारलं होतं, त्रास झाला का. ती म्हणाली, शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याची शेंगदाण्याची पुडी तिला दिली. तिनं पर्समधला खजूर त्याला दिला. 'खारं हायत, पण आपल्या शेंगंची सर न्हाय.' बाकी काही नाही. त्या मुलीबद्दल एक शब्द नाही, माझ्याबद्दलही नाही.

आता या आषाढीचं. आईला पायावर डोकं ठेवून दर्शन घ्यायचंय. गुडघ्यामुळं बारीत उभं राहणं जमणार नाही असं डॉक्टर म्हणतात. मुखदर्शन लांबून होतं, रांगही लहान असते, पण तिला पायच हवेत. मागच्या आठवड्यात ओळखीतल्या एकाचा मेसेज आला, 'पासचं बघतो, फक्त हो म्हण.' तिच्या गुडघ्यासाठी हो म्हणायचं की माझ्या 'आई, हिकडं!' साठी, हे मला अजून नीट कळत नाही. आईला विचारलं तर ती कळसाला हात जोडून, नामदेव पायरीला डोकं टेकवून परत येईल, आणि पास कुणा दुसरीला देऊन टाकेल.

मेसेजला अजून उत्तर दिलेलं नाही. आईला पासचं सांगितलेलं नाही. रविवारी फोन करणार आहे.

राम कृष्ण हरि.