परसबागेतील घूस : ओळख, उपद्रव आणि उपाय

निवासी शाळेच्या आवारात भोजनगृह, धान्याची कोठी, सांडपाण्याचा चर आणि परसबाग ही चारही स्थाने सहसा शेजारीशेजारी असतात. अन्न, पाणी आणि भुसभुशीत माती एकाच ठिकाणी मिळाल्यावर तेथे घुशीने वस्ती केली, तर त्यात नवल नाही. तिचा बंदोबस्त करण्याचा प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु त्यात मुलांचे आरोग्य, इमारतीची सुरक्षितता आणि आपला विवेक या तिन्हींची कसोटी लागते. म्हणून त्याचा पद्धतशीर अभ्यास होणे उचित ठरेल.

ओळख

घूस हा उंदराच्याच कुळातील प्राणी आहे. आपल्याकडे तिच्या प्रामुख्याने दोन जाती आढळतात. मोठी घूस वजनाने एक किलोच्याही पुढे जाते. लहान घूस शेतात, बांधावर आणि गोदामांत अधिक दिसते. इंग्रजीतील ‘बॅन्डिकूट’ हे तिचे नाव तेलुगूतील ‘पंदिकोक्कु’, म्हणजे डुक्कर-उंदीर, या शब्दावरून आले आहे. चिडली असता ती डुकरासारखी गुरगुरते, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना या नावाचे मर्म सहज कळेल.

घूस रात्री हिंडते. तिच्या बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसतो. त्यालाच आपण उकीर म्हणतो. लहान घुशीच्या बिळात धान्य साठविण्याची आणि पिलांची जागा वेगवेगळी असते, शिवाय भुसभुशीत मातीने झाकलेल्या पळवाटाही असतात. मादी एका वेळी साधारणपणे सहा ते आठ पिले देते आणि गर्भधारणेचा काळ तीन आठवड्यांच्या आसपास असतो. दोन-चार महिन्यांच्या दुर्लक्षाने उपद्रव किती वाढतो, याचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतःच मांडून पाहावा.

उपद्रव

रताळी, भुईमूग, कंद आणि रोपांची मुळे यांचे नुकसान डोळ्यांना दिसते. न दिसणारे नुकसान अधिक मोठे असते. जोत्यालगत पोखरलेली माती पावसाळ्यात खचते, फरशा बसतात, कुंपणाची भिंत कलते. घुशीच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात मिसळतात व पायाच्या जखमेतून माणसाच्या शरीरात शिरतात. पावसाळ्यात मुलांनी परसबागेत अनवाणी काम करू नये, हा नियम त्यासाठीच आहे. ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांचे दुखणे आणि डोळ्यांची लाली ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे.

इतिहासाचा धडा

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. सरकारने चुना फासला, गटारे धुतली, घरे रिकामी करविली. पण रोगाची वाट त्या वेळी उमगलेली नव्हती. 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने कराचीत प्रयोग करून उंदरावरील पिसवांमार्फत रोग पसरतो असे दाखविले. त्याआधीच, 10 मार्च 1897 रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा त्याच रोगाने अंत झाला होता. त्या साथीत मुख्य दोष घरातील उंदराकडे जातो. परंतु तशाच पिसवा घुशीच्या अंगावरही असतात. प्राणी मेला की पिसवा थंड पडलेले शरीर सोडून नवा आश्रय शोधतात. म्हणूनच मेलेल्या घुशीला उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि आवारात अनेक उंदीर अचानक मरून पडल्यास आरोग्य केंद्राला तत्काळ कळवावे.

उपाय

पहिला उपाय पाहणीचा. सायंकाळी सर्व बिळे मातीने बुजवावीत. सकाळी जी पुन्हा उघडलेली दिसतील ती वापरातील समजावीत आणि त्यांची नोंद वहीत करावी.

दुसरा उपाय अन्न तोडण्याचा. खरकटे झाकणाच्या पिंपात ठेवून त्याच सायंकाळी त्याची विल्हेवाट लावावी. धान्याची पोती जमिनीपासून आणि भिंतीपासून फूटभर अंतरावर, लाकडी फळ्यांवर रचावीत. मोऱ्यांच्या तोंडांना पाव इंच छिद्रांची लोखंडी जाळी बसवावी. हे केल्यावाचून पुढील सर्व श्रम वाया जातात, कारण एक घूस गेली तरी तिची जागा दुसरी घेते.

तिसरा उपाय पिंजऱ्याचा. नव्या वस्तूला ही जात बिचकते. म्हणून पिंजरा भिंतीलगतच्या तिच्या वाटेवर दोन-तीन रात्री उघडाच ठेवावा, त्यात भाकरी किंवा सुके मासे घालावेत आणि नंतर तो लावावा. घूस नाहीशी झाल्यावर बिळात विटांचे तुकडे ठोकून भरावेत व तोंड सिमेंट-काँक्रीटने बंद करावे. जोत्याजवळच्या बिळात पाणी सोडू नये. पाण्याने पायाच अधिक कमकुवत होतो.

विष मात्र मुलांच्या आवारात आणूच नये. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा वायू खोलीत शिरल्यास झोपलेल्या माणसांचा जीव जातो. शिवाय विष खाल्लेली घूस गव्हाणी घुबड किंवा मुंगूस यांच्या पोटात गेली, तर आपले हे रखवालदारही विषबाधेने मरू शकतात.

दोन प्रश्न

विद्यार्थी विचारतात, पंचशील स्वीकारलेल्यांनी घूस मारावी काय? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची हौस आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. खरकटे उघडे टाकून मग काठी उचलणे, ही गरज म्हणता येणार नाही. सर्व प्रतिबंध करूनही धोका उरला, तर प्रौढ व्यक्तीने तिला न तडफडवता संपवावे. खेळ म्हणून कोणीही दगड उचलू नये. पकडलेली घूस शेजारच्या वस्तीत सोडून देणे ही करुणा नव्हे. त्याने आपले संकट दुसऱ्याच्या दारी जाते.

दुसरा प्रश्न विद्यार्थी विचारत नाहीत, म्हणून शिक्षकांनी विचारावा : मेलेली घूस उचलायची कोणी? गावगाड्याने मेलेले जनावर ओढण्याचे काम जन्मावरून वाटून दिले होते आणि ती रीत झुगारून देण्यास बाबासाहेबांनी आपल्या समाजाला शिकविले. आपल्या संस्थेत हे काम आडनाव पाहून कोणालाही सांगितले जाऊ नये. शिक्षक आणि कर्मचारी यांनी पाळीपाळीने, रबरी हातमोजे घालून, खोल खड्ड्यात चुना टाकून ते करावे. त्या पाळीच्या तक्त्यात मुख्याध्यापकांचेही नाव असावे.

विद्यार्थिमित्रहो, आवाराची पाहणी, नोंदवही आणि खरकट्याची शिस्त ही तुमची कामे आहेत. पिंजरा आणि पुढचे सारे मोठ्यांवर सोपवा. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातच, ही कामे पूर्ण झाली, तर जूनमध्ये नवी रोपे निर्धास्तपणे लावता येतील.