क्लिनिकल सायकॉलॉजीला अर्ज करण्याआधी

जानेवारी उजाडला की एम.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. 'ताई, कुठलं पुस्तक करू?' पुस्तकांची यादी मी देतेच, पण त्याआधी दुसरंच काहीतरी बोलत बसते. ते इथे लिहून ठेवते आहे.

१. परवाना कशाने मिळतो ते आधी बघा.

एम.ए. झालं म्हणजे आपली पोर मानसोपचार करायला मोकळी, असं घरच्यांना वाटतं. तसं नाही. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी लागते. परिषदेचा कायदा १९९२चा. पुढे २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही व्याख्या करताना देखरेखीखालच्या प्रशिक्षणाकडेच बोट दाखवलं. या प्रशिक्षणाची सुरुवात जुनी: १९५५ साली बेंगळुरूला, आजच्या निम्हान्सच्या पूर्वज संस्थेत, या विषयाचा डिप्लोमा सुरू झाला. त्याचंच पुढे दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. झालं. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. पदवीच मोडीत काढली. पण इथे परवाना तिच्यावर अडकलेला, म्हणून यूजीसीने या विषयापुरती २०२५-२६च्या सत्रापर्यंत मुदत वाढवून दिली. तेव्हा तुम्ही फॉर्म भराल त्या वर्षी कोणता अभ्यासक्रम चालतो, ते आरसीआयच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. सीनियरच्या सांगण्यावर विसंबू नका, माझ्याही. संस्थेचं नाव यादीत दिसलं की हुरळून जाऊ नका. मान्यता कोणत्या सत्रापर्यंत आणि किती जागांना आहे, तेही पाहा. 'मान्यतेची प्रक्रिया सुरू आहे' असं कुणी गोड आवाजात सांगितलं, तर नमस्कार करून बाहेर पडा.

२. एखादी सरकारी ओपीडी बघून या.

मुलांच्या डोळ्यांसमोर दोन खुर्च्या, मंद दिवा आणि मोकळं होणारं मन असतं. प्रत्यक्षात सरकारी रुग्णालयात प्रशिक्षणार्थीच्या सकाळी कितीतरी वेळा बुद्ध्यांक काढण्यात जातात. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आईबाप लेकराला घेऊन पहाटेच्या एसटीने आलेले असतात. मूल भुकेलं, बाप परतीच्या गाडीच्या काळजीत, आणि तुम्हाला त्या मुलाकडून खरंखुरं उत्तर काढून घ्यायचं असतं. समोर बिने-कामत चाचणीचं साहित्य, नाहीतर नागपुरात डॉ. मॅलिन यांनी भारतीय मुलांसाठी वेक्सलरवरून बेतलेली मिसिक. अक्षरओळख नसलेला मोठा माणूस असेल तर भाटिया बॅटरी: पाच कृतिचाचण्या, ठोकळे जुळवायचे, आकृत्या काढायच्या. एम.ए.ला हे प्रॅक्टिकल आपण मैत्रिणीवर उरकलेलं असतं आणि मैत्रीण सहसा हुशार निघते. खरं मूल रडतं, खडू तोंडात घालतं. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत; रीतसर पत्र देऊन काही आठवडे शिकाऊ म्हणून बसता येतं का, ते विचारा. हे पाहूनही मन तिथेच रमलं, तर मगच फॉर्म घ्या. मला विचाराल तर शंभर वेबिनारच्या प्रमाणपत्रांपेक्षा हे मोलाचं आहे. तसल्या प्रमाणपत्रांची फाइल मुलाखतीत कुणी उघडतसुद्धा नाही.

३. मुलाखतीत निदान सांगायची घाई करू नका.

ठरलेला प्रश्न असतो: रुग्ण म्हणतो, मला आवाज ऐकू येतात. तुम्ही काय कराल? दहातले नऊ जण 'स्किझोफ्रेनिया' म्हणून मोकळे होतात आणि त्याची लक्षणं धडाधड सांगू लागतात. समोरच्या मंडळींना ती लक्षणं तुमच्याआधीपासून पाठ आहेत. त्यांना बघायचं असतं की तुमचा पुढचा प्रश्न कोणता. आवाज कानातून येतो की डोक्यातल्या डोक्यात? एकाचा की अनेकांचा? तो तुमच्याशी बोलतो की दोघे जण तुमच्याबद्दल आपसात बोलतात? टक्क जागेपणी येतो की डोळा लागता लागता? झोपेच्या उंबरठ्यावर भल्याचांगल्या माणसालाही हाक ऐकू येते. घरात नुकतं कुणी गेलं आहे का? गेलेल्या माणसाची हाक कित्येकांच्या कानावर येते, तो आजार नव्हे. दारू पीत होता का, आणि दोन-तीन दिवसांपूर्वी अचानक सोडली का? तसं असेल तर ती वैद्यकीय तातडी आहे, तुमची चाचणी राहू द्या, डॉक्टरांना बोलवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: आवाज काही करायला सांगतो का, आणि तुम्ही ते करता का? हा शेवटचा प्रश्न जो उमेदवार आपणहून विचारतो, त्याच्याकडे पॅनेलवरची माणसं मान वर करून बघतात.

त्यानंतर एक गुगली येते. 'तुमचं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हटलं तर?' म्हणजे तुमच्या उत्तरात खोट काढली जाते, कधीकधी उगाचच. दोन वर्षं तुमचा प्रत्येक रिपोर्ट लाल शाईने रंगणार असतो, ते तुम्हाला सोसेल का, याची ही चाचपणी. हट्टाने भांडणारा पडतो. 'हो सर, बरोबर सर' करणाराही पडतो. आपण तो निष्कर्ष कशावरून काढला, ते शांतपणे सांगा, आणि पटलं तर बदला.

४. स्वतःची गोष्ट जपून सांगा.

'मैत्रिणी मला सगळं सांगतात' हे वाक्य हेतुनिवेदनातून काढून टाका. प्रत्येकाच्या मैत्रिणी प्रत्येकाला सगळं सांगतात. घरात कुणाचं आजारपण पाहिलं असेल, स्वतः उपचार घेतले असतील, तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ते सांगताना हुंदका येत असेल, तर ते अजून ओलं आहे. एखादं वर्ष जाऊ द्या.

५. स्टॅटिस्टिक्स.

करा. सुटका नाही. निदान चाचणीची संवेदनशीलता आणि विशिष्टता यांतला फरक झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे.

६. गाव निवडताना तिथली बोली निवडताय, हे ध्यानात ठेवा.

रांचीला कांके भागात सीआयपी आणि रिनपास अशा दोन नामांकित संस्था आहेत. आपल्या मुलांना वाटतं, हिंदी येतेच की. झारखंड-बिहारच्या खेड्यातली म्हातारी सादरीत किंवा भोजपुरीत बोलू लागते, तेव्हा सिनेमातली हिंदी कामाला येत नाही. बेंगळुरूला कन्नड, तेजपूरला आसामी. शिकता येतं, पहिले काही महिने वॉर्डातल्या सिस्टरचा पदर धरून शिकतात सगळे. पण थेरपी शेवटी मराठी माणसांसोबत करायची असेल, तर पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेसारखा जवळचा पर्याय 'घरचाच आहे' म्हणून खाली ढकलू नका.

७. पैसे आणि कागद.

काही केंद्रीय संस्थांत विद्यावेतन मिळतं; खाजगी विद्यापीठांत फी लाखांत जाते. पूर्णवेळ अभ्यासक्रम, सोबत नोकरी नाही, हे घरी आधीच बोलून घ्या. सगळ्यांची मिळून एक प्रवेशपरीक्षा नसते, प्रत्येक संस्था आपापली घेते. म्हणजे फॉर्मची फी वेगळी, रेल्वेचं तिकीट वेगळं, आणि दोन परीक्षा एकाच रविवारी आल्या तर निवड तुमची. एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला सवलत आहे. पण केंद्रीय संस्थेत ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, तो तहसीलमधून वेळेत काढा. आणि प्रतीक्षा यादीत नाव असेल तर फोन चालू ठेवा, ई-मेल रोज बघा. तीच चार हुशार मुलं चार ठिकाणी पहिली आलेली असतात, त्यांना बसायचं मात्र एकाच जागी असतं.