सक्तीची वर्गणी आणि प्राप्तिकर

जी रक्कम कर्मचाऱ्याच्या हाती कधी पडलीच नाही, ती त्याचे उत्पन्न मानावी काय? अर्थशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न केवळ व्याख्येचा वाटतो. पगारपत्रक हाती आले की तो व्यवहाराचा होतो.

केंद्र सरकारच्या नागरी सेवेत १ जानेवारी २००४ पासून आणि कर्नाटक सरकारच्या सेवेत १ एप्रिल २००६ पासून रुजू झालेल्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून होणाऱ्या रकमेच्या १० टक्के वर्गणी पगारातून कापली जाते. केंद्र सरकारचा वाटा आरंभी तेवढाच होता. एप्रिल २०१९ पासून तो १४ टक्के झाला.

कायद्याची रीत अशी की दोन्ही वाटे आधी पगारात मिळवायचे आणि मग वजावट द्यायची. जुन्या करपद्धतीत कर्मचाऱ्याचा वाटा विमा, भविष्य निर्वाह निधी वगैरेंसह दीड लाखांच्या मर्यादेत बसवावा लागतो. २०१५-१६ पासून आणखी ५०,००० रुपयांची सवलत मिळाली. सरकारच्या वाट्याला ही मर्यादा नाही. २०२०-२१ मध्ये आलेल्या नव्या पद्धतीने सरकारी वाट्याची वजावट राखली, कर्मचाऱ्याच्या वाट्याची मात्र काढून घेतली.

समजा, वेतन व महागाई भत्ता मिळून दरमहा १,००,००० रुपये आहेत. वर्षाला कर्मचाऱ्याचे १,२०,००० रुपये कापले जातील, केंद्र सरकार १,६८,००० रुपये भरील. नव्या पद्धतीत दुसरी रक्कम वजा होते, पहिली करपात्र राहते. निवृत्तीनंतर ६० टक्क्यांपर्यंत रक्कम एकदम व करमुक्त मिळते; उरलेल्या रकमेतून सर्वसाधारणपणे वार्षिकी घ्यावी लागते आणि तिच्यावर पुन्हा कर. म्हणजे स्वतःच्याच पैशाच्या काही भागावर दोनदा कर! ज्यांना मुळात करच लागत नाही त्यांना ही झळ नाही, पण नियमातील विसंगती त्यामुळे जात नाही. जुन्या नोकरदारांच्या सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधीत वर्गणी परत घेताना तिच्यावर कर नसतो, म्हणून तेथे ही अडचण उद्भवत नाही.

अमेरिकेत १९७४ पासून वेगळी वाट आहे. तेथील राज्य सरकारने कर्मचाऱ्याची सक्तीची वर्गणी 'आपण उचलली' असे ठरविले की संघीय प्राप्तिकरापुरती ती त्या वर्षीचे उत्पन्न ठरत नाही. कर निवृत्तिवेतनावर बसतो. न्यूयॉर्क राज्य याच्या उलट करते. आपल्या राज्यकरासाठी ते हीच वर्गणी उत्पन्नात मिळवते, पण पुढे त्या निवृत्तिवेतनावर राज्यकर घेत नाही.