मुलांची माहिती, कायदा आणि आपला मोबाईल



अपार आयडीचं काम चालू होतं तेव्हाची गोष्ट. आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तांड्यावरची. पालक कापूस वेचायला जातात, शाळेत येणार कधी? म्हणून मी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "मुलांच्या आधारचा फोटो इथेच टाका." संध्याकाळपर्यंत बावीस आधार कार्डं आली. दुसऱ्या दिवशी एका आईने विचारलं, "सर, हे कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये गेलं?" मी ग्रुपवरचे फोटो पुसले, पण इतरांच्या गॅलरीत उतरलेले कसे पुसणार?

त्यानंतर मी कायदा वाचायला घेतला. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे. २००८ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६६-सी आलं. दुसऱ्याची डिजिटल ओळख फसवणुकीने वापरल्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही, हेही स्पष्ट केलं.

२०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण 'मूल' आहे. मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. पाळत ठेवून मुलांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. मुलांबाबतचे नियम मोडल्यास दंड २०० कोटींपर्यंत. मात्र देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार शासकीय यंत्रणांना सूट देऊ शकतं. म्हणजे शासकीय कामासाठी माहिती देतानाही "कशासाठी?" हे विचारायलाच हवं.

आता मी काय करतो?

१. आधार ग्रुपवर मागत नाही. शाळेत पाहून नोंद करतो, कार्ड परत देतो.
२. प्रत द्यावीच लागली आणि चालत असेल तर 'मास्क आधार' सुचवतो. त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.
३. संमतीपत्र आधी वाचून दाखवतो, मगच सही घेतो.
४. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर फोन करा, हे पालकसभेत सांगतो.

त्या आईचा प्रश्न मला आधीच पडायला हवा होता. तुमच्या वर्गाचा ग्रुप आज एकदा वर सरकवून बघा. कोणाचं आधार, बँक पासबुक तिथे अजून पडलेलं तर नाही ना?