लखनौतील फारसीभाषक विद्यार्थी आणि इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा

लखनौ शहरात फारसी कधी परक्या भाषेसारखी वावरली नाही. १७२२ मध्ये अवधच्या नवाबीचा पाया घालणारे सआदत खान बुऱ्हान-उल-मुल्क मूळचे खुरासानातील निशापूरचे होते. १८५६ मध्ये कंपनी सरकारने अवध खालसा करीपर्यंत त्यांच्या वारसांच्या दरबारात फारसीचा मान टिकून होता. गाझीउद्दीन हैदर यांच्या कारकिर्दीत ‘हफ्त कुल्जुम’ हा फारसी शब्दकोश व व्याकरणाचा सात भागांचा ग्रंथ याच शहरात छापला गेला, आणि १८५८ मध्ये मुन्शी नवल किशोर यांनी काढलेल्या छापखान्याने असंख्य फारसी ग्रंथ वाचकांच्या हाती दिले. त्यामुळे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर लखनौ विद्यापीठात दाखल झालेला अफगाण विद्यार्थी अमीनाबादच्या बाजारात पहिल्यांदा उतरतो, तेव्हा दुकानदाराच्या उर्दूतील पुष्कळ शब्द त्याच्या ओळखीचे असतात आणि काही महिन्यांतच त्याचे व्यवहार सुरळीत चालू लागतात. ही सोय मोलाचीच आहे. परंतु पदवीनंतर कॅनडा, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातील विद्यापीठात प्रवेश घेण्याचे ज्याच्या मनात आहे, त्याच्या इंग्रजीच्या तयारीला पहिला अडसर याच सोयीचा होतो, कारण दिवसभरात इंग्रजीवाचून त्याचे काहीच अडत नाही.

लखनौच्या फारसी जाणणाऱ्यांपुढे हा प्रश्न नव्याने उभा राहिलेला नाही. १७५२ मध्ये लखनौत जन्मलेले मिर्झा अबू तालिब खान १७९९ साली कलकत्त्याहून युरोपला निघाले, ते कॅप्टन डेव्हिड रिचर्डसन यांच्या सोबतीने. प्रवासात इंग्रजी शिकवण्याचे आश्वासन रिचर्डसन यांनी दिलेले होते. डब्लिन आणि लंडन येथील सरदार-उमरावांच्या दिवाणखान्यांत अबू तालिब वावरले व १८०३ मध्ये परतले, पण या प्रवासाचे वृत्त त्यांनी फारसीतच लिहिले, आणि ‘मसीर-ए-तालिबी’ या त्यांच्या ग्रंथाचे चार्ल्स स्टुअर्ट यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८१० मध्ये प्रसिद्ध झाले. परक्या समाजात वावरण्यापुरती भाषा येणे आणि त्या भाषेत विचार मांडून लिहिता येणे यांत मोठे अंतर असते. आजच्या परीक्षार्थीचे गणित बहुधा याच अंतरात चुकते.

हे गणित समजण्यासाठी परीक्षेची रचना ध्यानात घ्यावी लागते. भारतात सर्वाधिक परिचित असलेली आयईएलटीएस ही परीक्षा श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण या चार घटकांची असून प्रत्येक घटकाला ० ते ९ या श्रेणीत गुण मिळतात, त्यांना ‘बँड’ म्हणतात; चारही बँडची सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्या किंवा पूर्ण बँडपर्यंत नेली जाते. समजा, एखाद्याला श्रवणात ७, वाचनात ६.५, लेखनात ५.५ आणि संभाषणात ६.५ मिळाले, तर सरासरी ६.३७५ येते व निकालपत्रावर एकूण बँड ६.५ असा छापला जातो. हा आकडा पाहून घरी पेढे वाटले जातात. मात्र अनेक विद्यापीठे एकूण बँडबरोबरच प्रत्येक घटकात किमान ६ मागतात, आणि तेथे लेखनातील ५.५ मुळे अर्ज नाकारला जातो. लखनौत तयारी केलेल्या फारसीभाषकांपैकी ज्यांचे असे झाले, त्यांची कहाणी ऐकली की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: त्यांनी इंग्रजीचा अभ्यास कमी केलेला नव्हता, पण जो केला तो दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करणारा होता.

याचे कारण शिकवणी वर्गांच्या घडणीत आहे. शहरातील वर्ग स्वाभाविकपणेच हिंदीभाषक मुलांसाठी चालतात, स्पष्टीकरण हिंदीतून होते आणि व्याकरणाचा सराव हिंदीभाषकाच्या सवयी गृहीत धरून बेतलेला असतो. फारसीभाषक विद्यार्थ्याला हिंदी कळू लागलेली असते, म्हणून तो वर्गात बसतो, मान डोलावतो आणि आपले शिक्षण चालले आहे असे समजतो. वास्तविक तेथे ज्या चुकांवर तासन्‌तास खर्च होतात त्यांतील काही त्याच्या हातून मुळात होतच नसतात. शिवाय ‘आय अॅम नोइंग’ किंवा ‘ही इज हॅविंग टू ब्रदर्स’ यांसारखी जी वळणे घरून निघताना त्याच्या बोलण्यात नव्हती, ती सहाध्यायांच्या संगतीने लागतात. त्यात भर पडते ती पाठांतराची. कोणत्याही विषयाला जोडता येईल अशी तयार प्रस्तावना व तयार समारोप मुलांकडून घोकून घेण्याची प्रथा सर्वत्र आहे, आणि लहानपणापासून सादी व हाफिज यांच्या कविता मुखोद्गत करण्याचा संस्कार असलेल्या फारसीभाषकाला हे पाठांतर इतरांपेक्षा सोपे जाते. म्हणूनच ते त्याला अधिक बाधते. अशा मजकुराचा ठसा परीक्षकांच्या चटकन लक्षात येतो, कारण प्रस्तावनेतील सफाईदार इंग्रजी आणि मधल्या परिच्छेदातील अडखळती इंग्रजी एकाच हाताची वाटत नाही. घोकलेल्या वाक्यांचे श्रेय तर मिळत नाहीच, उलट विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बाजूला राहते.

तयारीचा आरंभ म्हणून स्वतःच्या लेखनातील चुका गोळा कराव्यात आणि त्यांतील कोणत्या चुका फारसीतून आल्या आहेत हे ओळखावे. नमुन्यादाखल असे एक वाक्य घ्यावे: ‘ऑल्दो गव्हर्नमेंट स्पेंड्स मच मनी फॉर रोड्स, बट मेनी पीपल यूज बसेस दॅट दे कान्ट ट्रस्ट देम.’ या एका वाक्यात निदान तीन चुका थेट फारसीच्या वळणाने आलेल्या आहेत. फारसीत ‘अगरचे’ने सुरू झालेल्या उपवाक्यानंतर ‘अम्मा’ किंवा ‘वली’ येऊ शकते, म्हणून ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ आला; मराठीतही ‘जरी’ला ‘तरी’ची जोड लागतेच, त्यामुळे ही चूक मराठी विद्यार्थ्यांच्या वह्यांतही सर्रास आढळते. दुसरी चूक शेवटच्या ‘देम’ची आहे. फारसीत ‘के’ने जोडलेल्या संबंधी उपवाक्यात, म्हणजे एखाद्या नामाचे वर्णन करणाऱ्या उपवाक्यात, त्या नामाबद्दल सर्वनाम पुन्हा घालता येते, इंग्रजीत मात्र ते गाळावेच लागते. तिसरी चूक ‘गव्हर्नमेंट’आधी ‘द’ नसण्याची, आणि ती सर्वांत चिवट असते.

या चिवटपणाचा उलगडा नीट केला पाहिजे. फारसीत ‘द’सारखे स्वतंत्र उपपद नाही, म्हणून फारसीभाषकाला निश्चितता आणि अनिश्चितता यांतला भेदच कळत नाही, असे बरेच शिक्षक धरून चालतात, आणि नियमांची लांबलचक यादी त्याच्यापुढे ठेवतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. ‘किताब रा खरीदम’ म्हटले की ऐकणाऱ्याला माहीत असलेले अमुकच पुस्तक विकत घेतले असा अर्थ होतो, ‘किताबी खरीदम’मध्ये कोणते तरी एक पुस्तक असते, नुसते ‘किताब खरीदम’ म्हटले की पुस्तकखरेदी झाली एवढेच कळते, कोणते आणि किती हे मोकळे राहते. म्हणजे कर्माच्या ठिकाणी हा भेद फारसीभाषक दिवसातून शेकडो वेळा बिनचूक करीत असतो. इंग्रजी वाक्य लिहिताना प्रत्येक नामापाशी क्षणभर थांबून ‘हेच नाम फारसीत कर्म असते तर येथे रा लागला असता का?’ असा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावली, तर ‘द’च्या चुकांचा मोठा भाग कमी होतो. ही युक्ती सर्व ठिकाणी लागू पडत नाही, देशांची व नद्यांची नावे वेगळी शिकावीच लागतात. तरीही प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात जे विद्यार्थी या वाटेने गेले त्यांचे लेखन नियमावली पाठ करणाऱ्यांपेक्षा लवकर सुधारले. आपल्या भाषेला अडथळा मानण्याऐवजी तिच्याकडून काम करून घेण्याचा हा मार्ग शिक्षकांनी अधिक वापरायला हवा.

लेखनासाठी ६० मिनिटे असतात आणि दोन कामे करावी लागतात: पहिल्यात किमान १५० शब्दांत आलेख, तक्ता किंवा पत्र, दुसऱ्यात किमान २५० शब्दांचा निबंध. निबंधाचा भार पहिल्याच्या दुप्पट असतो, म्हणून २० व ४० मिनिटांची वाटणी कधीही मोडू नये. फारसी गद्याच्या परंपरेत विषयाला हात घालण्यापूर्वी व्यापक विधानांची भूमिका बांधणे शिष्टसंमत आहे, आणि ‘व’ या अव्ययाने वाक्यामागून वाक्य ओवीत जाणे हे तेथे प्रौढपणाचे लक्षण समजले जाते; इंग्रजी परीक्षक पहिल्या काही ओळींतच लेखकाचे मत शोधतो आणि स्वल्पविरामांनी जोडलेली चार वाक्ये त्याच्या लेखी व्याकरणदोष ठरतात. पहिल्या महिन्यात निबंध लिहूच नयेत, फक्त प्रश्न वाचून आपले मत दोन वाक्यांत मांडावे आणि ते जाणकाराकडून तपासून घ्यावे, हा सल्ला अनेकांना वेळखाऊ वाटतो, पण त्याला पर्याय दिसत नाही.

संभाषणाच्या घटकात ११ ते १४ मिनिटे परीक्षकासमोर बोलायचे असते. येथे उच्चारांपेक्षा मोठी अडचण शिष्टाचाराची असते. इराणी समाजात ‘तआरुफ’ म्हणून ओळखली जाणारी आदबीची रीत आहे, तिच्यात स्वतःकडे लहानपणा घेणे आणि थेट उत्तर टाळणे हे सुसंस्कृतपणाचे समजले जाते. लखनौच्या ‘पहले आप’ तहजीबीत काही वर्षे राहिल्यावर ही सवय आणखी पक्की होते. मग परीक्षकाने आवडीच्या पुस्तकाबद्दल विचारले की विद्यार्थी आधी आपल्या तोडक्या इंग्रजीबद्दल क्षमा मागतो आणि दोन ओळींत उत्तर आटोपतो. परीक्षक मोजतो ते केवळ कानावर पडलेल्या भाषेला. न उच्चारलेल्या विद्वत्तेला गुण देण्याची त्याला मुभा नाही. आईविषयी बोलताना ‘ही’ म्हटले जाण्याची चूकही येथेच होते, कारण फारसीच्या ‘ऊ’ या सर्वनामात स्त्री-पुरुष भेद नाही. घरातील स्त्रियांविषयी रोज पाच मिनिटे मोठ्याने बोलून ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करणे व स्वतःच ऐकणे, एवढ्यानेही ही चूक आटोक्यात येते.

उच्चारांबाबत सर्व फारसीभाषकांना एकाच मापाने मोजू नये. शब्दारंभीचे जोडव्यंजन फारसीत नसल्यामुळे ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ किंवा ‘एस्कूल’ होणे तेहरानच्या आणि काबुलच्या विद्यार्थ्यांत सारखेच आढळते, आणि पुष्कळ हिंदीभाषकही तसेच बोलत असल्यामुळे लखनौत ते कोणाच्या कानाला खटकत नाही. ओठांचा गोल करून उच्चारायचा ‘डब्ल्यू’ मात्र इराणी विद्यार्थ्याला ‘व्ही’सारखा होतो, तर अफगाणिस्तानातील ‘दरी’ ही फारसी बोली बोलणाऱ्याला तो सहज जमतो, कारण त्याच्या बोलीत तो ध्वनी टिकून आहे.

वाचन आणि श्रवण या घटकांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. प्रत्येकात ४० प्रश्न असतात, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही जागा रिकामी सोडू नये. ‘दोनपेक्षा अधिक शब्द नकोत’ अशी सूचना असताना तीन शब्द लिहिले तर उत्तर बरोबर असूनही गुण जातो, आणि शुद्धलेखनाची चूकही तितकीच महाग पडते. श्रवणात ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकी अशा निरनिराळ्या धाटणीची इंग्रजी ऐकू येते, ती लखनौच्या वर्गांत कानावर पडत नाही. केंब्रिजने प्रसिद्ध केलेल्या सरावसंचांतील ध्वनिफिती रोज ऐकणे हाच तिच्याशी ओळख करून घेण्याचा खात्रीचा मार्ग आहे. सल्ल्यासाठी शिकवणी वर्गांपलीकडेही पाहावे. हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठाचा परिसर लखनौत १९७९ पासून आहे आणि इंग्रजीच्या अध्यापनाचा शास्त्र म्हणून विचार तेथे होतो; अशा ठिकाणच्या जाणकाराने तपासलेले दोन निबंध वर्गात लिहिलेल्या वीस निबंधांपेक्षा उपयोगी पडतात.

शेवटी कागदपत्रांचा विषय येतो, आणि त्याकडे होणारे दुर्लक्ष विशेष खेदजनक आहे. मुहम्मद, मोहम्मद, मोहम्मेद अशी एकाच नावाची रोमन लिपीतील रूपे पासपोर्ट, विद्यापीठाचे गुणपत्रक आणि परीक्षेचा अर्ज यांत वेगवेगळी उमटतात. उर्दूच्या सवयीने लिहिणारा लखनौचा कारकून जे रूप लिहितो ते काबुलच्या कार्यालयाने लिहिलेल्या रूपाशी जुळेलच असे नाही. अनेक अफगाणांच्या नावाला आडनाव नसते, आणि जन्मतारीख सौर हिजरी कालगणनेतून बदलून घेताना वर्ष मागेपुढे होते. नोंदणीत पासपोर्टावरील रूपच अक्षरशः उतरवावे, नोंदणीला वापरलेला मूळ पासपोर्टच परीक्षेच्या दिवशी लागतो, म्हणून त्याची मुदत आधी पाहावी, आणि निकाल २ वर्षेच ग्राह्य धरला जात असल्यामुळे प्रवेशाचे वर्ष ठरल्याशिवाय परीक्षेची घाई करू नये. लेखनासारख्या एकाच घटकात बँड घसरला असेल, तर संगणकावर परीक्षा दिलेल्यांना ६० दिवसांच्या आत तेवढ्या घटकाची फेरपरीक्षा देण्याची सोय आता उपलब्ध आहे; मात्र सर्वच विद्यापीठे असा निकाल स्वीकारत नाहीत, म्हणून शुल्क भरण्यापूर्वी ज्या विद्यापीठाकडे अर्ज करायचा आहे त्याच्या प्रवेश कार्यालयाकडून लेखी उत्तर मागवून घ्यावे.